आईच्या पीएचडीच्या सत्काराला गेले होते

गेल्या शनिवारी आईच्या कॉलेजात गेले होते, जगतपुऱ्याला. कितीतरी महिन्यांनी एवढ्या माणसांत गेले...

आई तिथे केमिस्ट्री शिकवते. तिची पीएचडी झाली, म्हणून सत्कार होता. दरवर्षी असतो हा कार्यक्रम. पहिले आलेली मुलं, पेपर छापून आलेले सर, मॅम, सगळ्यांना एकदमच बोलावतात. बाबा कामासाठी चेन्नईला, मग सोबत मीच. नाही म्हणायचं होतं, पण आईने सकाळीच माझा ड्रेस इस्त्री करून ठेवलेला.

मी शाळा सोडलीय हे इथे पोस्ट वाचणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून आधी सांगते. अकरावीत सोडली. नापास वगैरे नव्हते. गेटपाशी गेलं की पोटात कळ यायची, मग उलटी. आधी सुट्ट्या, मग डॉक्टर, मग नाव काढलं... आता घरी असते. वर्ष होऊन गेलं.

हॉलमध्ये शिरताना आईच्या डिपार्टमेंटच्या एक मॅम भेटल्या. "अरे, शिंदे मॅम की बेटी! कोटा से कब आई? वहाँ मेस में खाना नहीं देते क्या, इतनी दुबली हो गई."

मला कळलंच नाही काय म्हणतायत. कोटा? मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "कल ही आई है जी." आणि माझा हात धरून पुढे निघाली.

मतलब आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मी कोट्याला कोचिंगला आहे. हॉस्टेलवर राहते. डॉक्टर होणार. मी घरी तिच्या डब्याची भाजी चिरत असायचे, आणि ती इथे येऊन हे सांगायची... वर्षभर.

राग नाही आला. कसंतरीच वाटलं. मागच्या रांगेत कडेची खुर्ची बघून बसले. आई पुढे, स्टाफच्या रांगेत.

आधी मुलांचे सत्कार झाले. एका मुलीचे आजोबा गावाहून आले होते, ते फोटो काढायला थेट स्टेजवरच चढले. सगळे हसले. मीही हसले.

मग स्टाफच्या मुलांची नावं सुरू झाली. दहावी-बारावीत चांगले मार्क मिळाले की त्यांनाही देतात तिथे. मागच्या वर्षी हॉलचं काम चालू होतं म्हणून कार्यक्रम झाला नव्हता, तर दोन्ही वर्षांची यादी एकदम वाचत होते. आणि त्यात माझं नाव आलं. ऋतुजा शिंदे, दसवीं, बानवे प्रतिशत.

आईने फॉर्म तेव्हाच भरला होता. मी शाळेत होते तेव्हा.

कशी चढले आठवत नाही. हातात ट्रॉफी दिली. मी लगेच उतरायला निघाले, तर सूत्रसंचालन करणारे सर म्हणाले, "रुको बेटा. ऋतुजा आजकल कोटा में तैयारी कर रही है. ज़रा बताओ सबको, वहाँ दिन में कितने घंटे पढ़ते हो?" आणि माइक माझ्यासमोर धरला.

काहीही सांगता आलं असतं. दहा म्हटलं असतं तरी झालं असतं. पण माझा आवाजच येईना. माइकमध्ये माझा श्वास ऐकू येत होता, अख्ख्या हॉलला...



तेवढ्यात आई उभी राहिली. माइक नव्हता तिच्याकडे, पण वर्गात बोलते तशी बोलली. "सर, वो कोटा में नहीं है. घर पर है. स्कूल छोड़े साल हो गया. मैंने ही सबको ग़लत बताया था. उससे मत पूछिए."

 सर म्हणाले, "कोई बात नहीं, कोई बात नहीं," आणि पुढचं नाव घेतलं. मी खाली आले तेव्हा मागे कुणीतरी कुणालातरी म्हणत होतं, "हमें तो हॉस्टल का नाम तक बताया था."

मग दहा मिनिटांनी आईचं नाव आलं. सात वर्षं लागली होती तिला. गावागावांतून पाणी आणायची बाटल्यांत भरून, त्यातलं फ्लोराइड तपासायची. तिला शालीऐवजी घालतात ती चुनरी घातली, सर्टिफिकेट दिलं. टाळ्या वाजल्या, पण सगळे तिच्याकडे बघून मग माझ्याकडे बघत होते. ती फोटोत हसलीसुद्धा नाही. जेवायला थांबलो नाही आम्ही.

आई स्कूटी चालवत होती, मी मागे. मग समोर बघतच म्हणाली, "यादी आली होती माझ्याकडे, तपासायला. तुझं नाव काढा म्हणून सांगणार होते."

मी ट्रॉफी दुसऱ्या हातात घेतली.

"मग राहू दिलं. म्हटलं, एकदा ऐकते... परत कधी ऐकायला मिळेल माहीत नाही."

मला खूप काही बोलायचं होतं. सॉरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं काय, तर "आई, तुझी चुनरी उडतेय, चाकात जाईल."

"धर मग," ती म्हणाली.

जवाहर नगर येईपर्यंत धरून बसले होते.

घरी आल्यावर तिने भात लावला, मी ताक केलं. त्या विषयावर तेव्हाही बोललो नाही आणि आजही नाही. सोमवारी ती कॉलेजला गेली तेव्हा मी गॅलरीतून बघत होते. खाली आमच्या गेटपाशी दोन मिनिटं नुसतीच उभी होती स्कूटीवर, चावी न फिरवता... ते उभं राहणं मला माहितीय. मग गेली.

माझ्यामुळे तिचा दिवस खराब झाला. त्या दिवशी तिला नीट अभिनंदनसुद्धा कुणी म्हणालं नाही, मीही नाही. तोंडावर अजून जमत नाहीये, म्हणून इथे लिहिते. आई मराठी पोस्ट वाचते, माझी तर नक्की वाचेल.

अभिनंदन, डॉक्टर शिंदे. आणि तू उभी राहिलीस ना, त्याबद्दल...