चिप, गाभण गाय आणि इमामपूरचा घाट

"सर, पिकअपला चिप बसवू का?" असं कुणी विचारलं की हल्ली माझं डोकं फिरतं. कारण गेल्या वर्षी याच ब्लॉगवर मी त्या चिपचे गोडवे गायले होते. 'गाडीत नवा जीव आला' वगैरे. आज त्याच पापाचं प्रवासवर्णन लिहितोय: नगर ते घोडेगावचा जनावरांचा बाजार आणि तिथून कर्जत.

चिप म्हणजे काडेपेटीएवढी डबी. इंजिनाच्या एका सेन्सरच्या वायरीत ती अडकवतात. डिझेलचा दाब आहे त्यापेक्षा कमी आहे, असं ती गाडीच्या कॉम्प्युटरला खोटंच सांगते. तो बिचारा जास्त डिझेल सोडतो आणि गाडी उसळते. माझीही पिकअपच आहे, पण हौशी. मागे तंबू, स्टोव्ह आणि पाण्याचे दोन कॅन, याच्यावर ओझं नाही. अशा गाडीवर चिप लावून मी मोकळ्या हायवेवर पळवली आणि लेख ठोकला. दुकानदाराने ती मला फुकट बसवून दिली होती, हे काही लेखात लिहिलं नाही. सोयीचं नव्हतं.

तो लेख वाचून बापूंनीही आपल्या मालवाहू पिकअपला चिप बसवली. बापू कर्जतकडचे शेतकरी, माझे जुने वाचक. प्रतिक्रियांमधून ओळख झाली, मग घरी येणं-जाणं. त्यांना एक गाभण गाय घ्यायची होती. "सर, चला की घोडेगावला, बाजार तरी बघा," म्हणाले. मी गणिताचा मास्तर, सुट्टी होतीच. ते पहाटे कर्जतहून निघाले आणि सात वाजता मला नगरमध्ये घेतलं.

जाताना गाडी रिकामी. जेऊर मागे टाकलं, इमामपूरचा घाट झरझर उतरलो. बापू खुशीत. "लई पळती ओ सर! डबीनं कमालच केली." मी सीटवर असा काही फुगून बसलो होतो, जणू ते इंजिन मीच बनवलंय. सरळ चढावर गाडी मागे काळा धूर सोडत होती, तो मला आरशात दिसला होता. मी नजर पुढच्या रस्त्यावर वळवली.

बाजाराला जाणार असाल तर नऊच्या आत पोहोचा आणि जुन्या चपला घाला. गाडी लांब लावावी लागते. धूळ, शेण, हंबरडे आणि त्यात रुमालाखाली बोटं दाबून चाललेले सौदे. चहा झकास, भजी गरम असतील तरच खा.

बापूंनी गाय पसंत करायला दोन तास घेतले. दात बघितले, चारही सड चाचपले, चालवली, बसवली, उठवली, पोटाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. विकणारा कावला. "आवो पाव्हनं, सोयरीक करताय का काय?" बापू हसलेही नाहीत. शेवटी आठ महिन्यांची गाभण, काळी-पांढरी, शांत डोळ्यांची गाय ठरली. घरी वहिनींनी नवं दावं आणून ठेवलं होतं. त्यांची जुनी गाय आटली म्हणून विकल्यापासून गोठा सुना होता.

चहा पिताना मी चेष्टेने म्हटलं, "बापू, किती हो तपासणी!"

"जनावर दुसऱ्याच्या तोंडावर घ्यायचं न्हाई, सर. सख्खा भाऊ म्हनला तरी न्हाई."

"मग चिप कशी घेतलीत?"

"तुमी लिवलं हुतं की. शिकलेला मानूस खोटं कशाला लिवल?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, की बापू, मी ओझं घालून ती कधी वापरलीच नाही. मी आणखी एक भजं तोंडात टाकलं.

गाय चढवली, पुढच्या बाजूला सरकी पेंडीची दहा पोती रचली आणि निघालो. पांढरी पुलाशी बापूंनी गाडी बाजूला घेतली. उन्हाचा तडाखा होता. "सर, क्लच जरा घसरल्यासारखा वाटतोय. घाटापुरती डबी काढून ठिवू का? आदी दुसऱ्या गिअरला कुथत जायची, पन जायची."

आणि मी, उंटावरून शेळ्या हाकणारा, काय म्हणालो? "अहो, घाटासाठीच तर आहे ती! राहू द्या."

अर्धा घाट चढलो. मग इंजिन कोकलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. जळका वास केबिनमध्ये भरला. बापूंनी हँडब्रेक ओढला, मी उतरून चाकामागे दगड लावले. नंतर नगरच्या गॅरेजवाल्याने एका वाक्यात सांगितलं, "मास्तर, जोर वाढवला पन क्लच तोच ना, रिकाम्या गाडीला खपतं, लोडला जळतो."

फोन करून बोलावलेला दुसरा टेम्पो दीड तासाने आला. बाजारात जनावर चढवा-उतरवायला मातीचा धक्का असतो, घाटात कुठला? गाय तशीच खाली उतरवावी लागली. बापू कासरा धरून "ये माझी बाय, ये" करत होते. तिने उडी मारली, डांबरावर मागचे पाय घसरले आणि ती पोटावर आपटली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. रस्त्यावर थांबलेल्यांसह सहा जणांनी तिला उठवून टेम्पोत चढवलं. मिरजगाव सोडून कर्जतला पोहोचेपर्यंत बापू मागे तिच्याजवळ उभे होते आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी गाय गाभडली, वासरू मेलेलंच पडलं. फोन बापूंनीच केला. "कालवड हुती, सर," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी भेटायला गेलो. गाय कोपऱ्यात उभी होती, वैरणीला तोंड लावत नव्हती. माझी नजर तिच्यावर ठरेना. बापू म्हणाले, "जाऊ द्या सर, माझंच चुकलं. मी बघूनच घ्यायला पायजे हुती डबी." मी म्हणालो, "नाही बापू, खरं म्हणजे..." आणि थांबलो.

वहिनी चुलीपाशी होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "म्हना की भाऊ. आमी ऐकतोय."

मी म्हणालो, "चहा छान झालाय."

तर प्रश्नाचं उत्तर. ओझ्याच्या गाडीला चिप बसवू नका. जोर वाढतो, खोटं नाही. पण क्लच, इंजिन, धूर सगळं तुमच्या गळ्यात. गाडी वॉरंटीत असेल, तर डबी दिसली की कंपनीने हात वर करण्याची भीती आहेच. हौसेच्या गाडीलाही नको, असं आता माझं मत आहे. मी माझी काढून टाकली. जुना लेखही काढला, आणि डबी फुकट मिळाली होती हेही वर लिहिलंच आहे.

एवढं लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. बापूंच्या ओसरीवर बसून जे तोंडाने बोलायचं होतं, ते मी पुन्हा ब्लॉगवरच लिहून सुटायला बघतोय.