शेखचाचांची सहावी गुंडी

आमच्या कारखान्याचे शेखचाचा यंत्र दुरुस्त करायला जायचे, पण गेल्या गेल्या यंत्राकडे बघायचेच नाहीत. हत्यारांची पिशवी गोठ्याच्या दारात ठेवायची, पाणी मागायचं आणि म्हशीची चौकशी सुरू करायची. गाभण आहे का, दूध किती देते, घास घरचा की विकतचा. अर्ध्या तासात घरमालक कासावीस व्हायचा. 'चाचा, यंत्र बंद पडलंय हो,' असं तो म्हणाला की चाचा शांतपणे म्हणायचे, 'यंत्र कुठं पळून जात न्हाई. वैरण कोन घालतं ते सांगा आधी.'

नगरच्या एमआयडीसीत आम्ही कडबाकुट्टी यंत्रं बनवतो. एका बाजूने कडबा नाहीतर घास घालायचा, दुसऱ्या बाजूने बारीक कुट्टी बाहेर. मी डिझाइन विभागात लागले तेव्हा दुरुस्तीचं खातं सांभाळणाऱ्या चाचांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात दोन पेनं. एक स्वतःला लिहायला, दुसरं कुणी मागितलं तर द्यायला. ते दुसरं पेन कधीच परत यायचं नाही आणि चाचा कधीच मागायचे नाहीत.

त्याच सुमारास कंपनीने वॉरंटी कार्डावरच्या नंबरांवर फोन करून ग्राहकांना काय हवं ते विचारून घेतलं होतं. त्या उत्तरांचा देखणा रंगीत तक्ता मी तयार केला. सगळ्यात वर होती मोठी मोटर. त्यावरून मी नवं मॉडेल काढलं. ते माझं आयुष्यातलं पहिलं यंत्र. त्याचा रंगसुद्धा मीच ठरवून टाकला होता, म्हणजे बारशाआधीच कुंची शिवून तयार. चाचांनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता न्याहाळला. 'लई भारी काढलाय मॅडम. फोन कुनी उचलले?'

'ग्राहकांनी,' मी म्हटलं.

'हां,' असं म्हणून ते चहाला निघून गेले. त्यांच्या त्या 'हां'चा मला फार राग यायचा.

चाचांची स्वतःची एक वही होती. एकदा ती हातात पडली तर आत भलतंच काही. 'कोपर सहाव्या गुंडीला. झाकण काढलेलं.' पुढच्या पानावर, 'कोपर सहावीच्या खाली. झाकणाखाली कोंबडीची पिल्लं.' मला वाटलं चाचांनी शिंप्याची वही उचलून आणली. मग त्यांनी उलगडा केला. गोठ्यात टेप काढली की माणूस बुजतो, बाई तर सरळ घरात निघून जाते. म्हणून वैरण घालणाऱ्याचं कोपर चाचांच्या शर्टाच्या वरून कितव्या गुंडीशी येतं, ते चाचा लांबूनच नजरेने टिपायचे.

'आणि शर्ट बदलला की?' मी खवचटपणे विचारलं.

'तीस वर्षं एकच टेलर शिवतोय. तुमची टेप चुकंल, त्याचं काज चुकायचं न्हाई.'

झाकण म्हणजे वैरण आत ओढणाऱ्या रोलरच्या तोंडावरचं लोखंडी झाकण, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेलं. कित्येक गोठ्यांत ते काढून ठेवलेलं असायचं. लोक सूचना वाचत नाहीत, असा निष्कर्ष आम्ही ऑफिसात बसून काढला आणि झाकणावर आणखी मोठ्या लाल अक्षरांत सूचना छापली. लाल अक्षरांसकट झाकणं पिल्लांवर गेली.

एक दिवस मी साहेबांच्या केबिनमध्ये असताना चाचा आले आणि टेबलावर रुमाल सोडला. आत हिरव्या बांगड्यांच्या काचा होत्या. पारनेरकडच्या एका वस्तीवर हिराबाई नावाच्या बाईंचा हात पेंढीबरोबर रोलरपर्यंत ओढला गेला होता. त्याच क्षणी लाइट गेली म्हणून बांगड्यांवर निभावलं.

'साहेब, हे तक्रारीच्या फॉर्मात कुठल्या रकान्यात लिहू?' चाचांनी विचारलं. फॉर्मात मोटर, पाती, बेल्ट आणि रंग एवढेच रकाने होते. माझ्या मॉडेलचे साचे पुढच्या सोमवारी करायला टाकायचे होते. साहेबांनी त्या काचा पुन्हा रुमालात बांधल्या. मग मला म्हणाले, 'चाचांबरोबर जाऊन या. सोमवारचं आल्यावर ठरवू.'

वस्तीवर हिराबाईंचे मालक पुढे आले आणि मोठी मोटर कधी येणार ते विचारू लागले. चाचांनी त्यांना म्हशीच्या विषयात गुंतवलं. मी वीज बंद करून घेतली, झाकण परत बसवलं आणि घासाची पेंढी उचलली. मी बेताच्याच उंचीची. पहिल्याच दमात कोपर झाकणाच्या कडेवर आदळलं. दुसऱ्यांदा पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा माझाच हात झाकण सोडवायला गेला. कारखान्यात यंत्राची चाचणी घेणारा आमचा फिटर सहा फुटी होता, हे मला तेव्हा आठवलं.

हिराबाई हसल्या. मनगटावरचे ओरखडे अजून ताजे होते. 'मालकाला आल्ता तुमचा फोन. ते म्हनले मोठी मोटर पायजे. त्यांनी कवा पेंढी घातलीय का? मला कोन इचारतंय?'

परतताना मी चाचांना विचारलं, 'मोठी मोटर असती तर?'

'तर लाइट जायची वाट बघायला टाइम मिळाला नसता,' ते म्हणाले. मला रडू आलं. माझ्या तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, पण कार्डं पुरुषांच्या नावावर आणि वैरण बायकांच्या हातात, हे मला बाई असून सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझं मॉडेल रद्द करून घेतलं. चाचांना भिंतीला टेकून उभं केलं आणि जमिनीपासून एकेका गुंडीची उंची टेपने मोजली. बघायला अर्धं ऑफिस जमलं. 'पोट आत घिऊ का?' चाचांनी गंभीरपणे विचारलं. वहीतल्या गुंड्यांचे असे इंच झाले. वैरणीचा ट्रे खाली आला, झाकणाला कोपरापुरता बाक आला. वॉरंटी कार्डावर 'वैरण कोण घालतं, त्यांचं नाव' अशी नवी ओळ आली. घरातल्या बाईचं नाव विचारलं तर लोक भडकतील, असं विक्रीवाल्यांचं म्हणणं पडलं. चाचा म्हणाले, 'आधी चहा प्या, मंग इचारा. कुनी भडकत न्हाई.'

नवी यंत्रं गावोगावी पोचायच्या आधीच चाचा निवृत्त झाले आणि सावेडीत मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. तिथे त्यांना करमत नाही. 'हितं दूध पिशवीतनं येतंय, चौकशी कुनाची करायची?' असं म्हणतात.

यंदा नव्या यंत्रांची पाहणी करायला मी एकटीच गेले. हिराबाईंपासून सुरुवात केली. संध्याकाळी पारनेरच्या स्टँडवरून चाचांना फोन लावला. 'चाचा, आठ गोठे बघितले. आठही झाकणं जागेवर आहेत.'

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

'नावं लिवलीत का?' त्यांनी विचारलं.

मी कार्डं काढून वाचली. हिराबाई, कमल, रुक्साना, ताराबाई, शोभा, मंदा, जनाबाई, सुनीता.

'परत वाचा मॅडम,' चाचा म्हणाले. 'जरा सावकाश.'