माईनं त्याच्या तोंडून लिहिलं

माझ्या बहिणीनं एका माणसाचं दुसरं लग्न मोडलं होतं.
एक कथा लिहून.

आज सकाळी ती, माझी थोरली बहीण माई, गेली. नव्वदीत. झोपेतच.
सगळे म्हणतायत, शांत स्वभावाची होती. ज्यांनी तिला वाचलं नाही, त्यांनी खुशाल म्हणावं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माईला कारंज्याला दिलेली. नवऱ्याचं किराणा दुकान. पोर एकच, सुमी.

बाजाराच्या दिवशी सुमीला ताप चढला. माईनं दुकानावर दोनदा निरोप पाठवला, डॉक्टरकडे न्यायचंय.
"गिऱ्हाईक उरकू दे," नवरा म्हणाला.
संध्याकाळी सुमी गेली.

सासरच्यांनी गावभर सांगितलं, आईनंच शिळं खाऊ घातलं. आणि माईला मंगरूळपीरला आमच्याकडे आणून सोडलं.

तिनं कथा लिहायला घेतली. आधी first person मध्ये, स्वतःच्या तोंडून. मला वाचून दाखवली. मी शाळकरी, ढसाढसा रडले.

माईनं कागद फाडले.
"ह्या गोष्टीत मी रडूनच राह्यली. लोक मले बिचारी म्हणतीन अन् पान पलटवतीन. त्याईले कोनी काई म्हननार नाई."

मग 'ती' करून लिहिली. तीही फाडली.
"हे तं कचेरीतला कारकून लिहून राह्यला असं वाटते."

तिसऱ्यांदा तिनं 'मी' लिहिलं. पण हा 'मी' नवरा होता.
तराजू धरून बसलेला. निरोप ऐकून साखर तोलत राहिलेला.
एक शिवी नाही. त्याचं सगळं म्हणणं त्याच्याच तोंडून.

नागपूरच्या एका मासिकात छापून आली. कथेत कुणाचं नाव नव्हतं, तरी कारंज्यानं ओळखलं.

तो बसनं आमच्या दारात आला. मासिक गुंडाळून हातात.
"माह्या तोंडी हे काहून घातलं? मी असं कवा बोललो?"
"बोलले नाई," माई म्हणाली. "मनात आलं होतं का नाई, तेवढं सांगा."

तो पाणीही न घेता निघून गेला.

रिठदला त्याची दुसरी सोयरीक ठरली होती. मुलीच्या बापानं कथा वाचली.
"आमची पोर तापली तं?" एवढंच म्हणाला, आणि सोयरीक मोडली.

मी अंगणात नाचले. आईनं धपाटा घातला. आजही नाचेन.

गेल्या वर्षी माईला विचारलं, "त्याच्या मनात शिरून लिहिताना कधी दया नाही आली?"

"आली ना. त्या दिवशी दुकान बंद करून तो सुमीसाठी बत्तासे घेऊन आला होता. पुडी हातातच राह्यली त्याच्या. लिहिलं होतं मी ते."

"मग कथेत कुठंय?"

"खोडलं."

जा माई. सावकाश जा.
धाकटीचा शेवटचा नमस्कार.