उज्ज्वलाचा लांब पास

फोन आला तेव्हा मी सावेडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून स्कूटर बाहेर काढत होते. पडद्यावर उज्ज्वलाचं नाव दिसलं म्हणून हसतच उचलला, पण बोलले तिचे यजमान, मिलिंद. "ताई, उज्ज्वला गेली… आज पहाटं." आजार काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. तरी मी स्कूटर तशीच स्टँडवर लावून तिच्यावर बसून राहिले. ऑफिसला निघालेले शेजारी "काय झालं?" म्हणून विचारत होते आणि मला कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. मैत्रीण गेली म्हणावं, तर ते अपुरं वाटत होतं.

आम्ही नगरच्या कॉलेजात भेटलो. मुलींचा फुटबॉल संघ तेव्हा नुकताच निघाला होता. मी गावातलीच, वेगाने पळते म्हणून उजव्या बाजूला पुढे खेळणारी. ती शेवगावची, होस्टेलवर राहणारी, मैदानाच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना चेंडू वाटणारी. वडील शिंपीकाम करत, आई अंगणवाडीत होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत लहानपणापासून लेझीम खेळून आपले पाय तयार झाले, असं ती सांगायची. ते खरं असावं. तिचा जवळचा पास म्हणजे कुणीतरी हातात आणून द्यावा तसा यायचा, थांबवायलासुद्धा लागायचा नाही. सगळं काही होतं तिच्याकडे. फक्त लांबचा पास जमत नव्हता.

मी उजवीकडून सुटायचे, समोर मैदान मोकळं असायचं, आम्हाला शिकवणारे खेळाचे सर बाहेरून ओरडायचे, "उज्ज्वला, लांब दे, लांब!" आणि चेंडू उठायचा, पण अर्ध्या वाटेत पडायचा. मग मला मागे यावं लागायचं आणि तोवर समोरच्या मुली येऊन उभ्या राहायच्या. हळूहळू मला सवयच झाली. तिने पाय मागे नेला की मी वेग कमी करायचे. इतर कॉलेजांनाही ते कळलं होतं. हिला लांबचं जमत नाही म्हटल्यावर त्या सरळ तिच्या अंगावर यायच्या आणि तिला मान वर करू द्यायच्या नाहीत. सरांनी सगळे उपाय केले. अंग मागे टाकू नकोस, चेंडूच्या खाली पाय घाल, टेकलेला पाय नीट ठेव… ती सगळं ऐकायची. सकाळी कुणी यायच्या आत मैदानावर जायची. मांड्या इतक्या भरून यायच्या, की होस्टेलचा जिना कठडा धरून चढायची. तरी सामन्यात चेंडू अर्ध्यातच. शेवटी एका सामन्याला सरांनी तिला बाहेर बसवलं. ती बाकावरून आमच्यासाठी टाळ्या वाजवत होती, आणि ते बघवत नव्हतं.

त्या संध्याकाळी होस्टेलच्या पायरीवर बुटांचा चिखल काडीने काढत ती म्हणाली, "पायात जोर हाय गं माझ्या. सकाळी मोकळ्या मैदानावर पार त्या टोकाला जातोय चेंडू."

"मग सामन्यात काय होतं?"

"तू दिसतीस ना…" तिने काडी खाली ठेवली. "तू जिथं हायेस तिथंच द्यावासा वाटतो. फुडं टाकायचा म्हंजे तिथं कुनीच नसतं. रिकामी जागा. तू न्हाई पोचलीस तर? गेला की वाया."

मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तिने हेच सरांना सांगितलं. सर रागावतील असं वाटलं होतं, पण ते तिच्याजवळ मैदानात मांडी घालून बसले. म्हणाले, "तू जागा बघ. हिला बघू नकोस. पळायचं काम हिचं आहे, ते हिला करू दे." त्यानंतर रोज मी डोळे मिटल्यासारखी पळायचे आणि ती माझ्याकडे न बघता मारायची. कधी चेंडू डोक्यावरून जायचा, कधी पाठीत बसायचा. एकदा शेजारच्या कॅन्टीनच्या चहाच्या ट्रेमध्ये जाऊन पडला आणि सगळ्या टीमला कपबशा विसळाव्या लागल्या.

त्या वर्षीच्या कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना पुण्याच्या संघाशी होता. हाफटाइमनंतरही आम्ही एका गोलने मागे होतो. मी सुटले, तिने पाय मागे नेला आणि जुन्या सवयीने माझा वेग कमी झाला. चेंडू माझ्या डोक्यावरून पुढे गेला, हवा तिथे पडला आणि एकटाच रेघेबाहेर गेला. बघणाऱ्यांना वाटलं, पुन्हा हिचाच चुकला. लोक हुर्यो करत होते. ती मात्र लांबून हात उंचावून ओरडत होती, "अगं पळ ना! आला हुता की त्यो!" तिचा चेहरा इतका फुलला होता की आम्ही मागे आहोत हे तिच्या लक्षातच नसावं. पुढच्या वेळी मी थांबले नाही. मागे बघितलंही नाही. खांद्यावरून चेंडू आला, पुढ्यात पडला, एकदा उसळला आणि मी मारला. बरोबरी झाली. नंतर पेनल्टीवर आम्ही हरलो, पण परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसून आपल्या उजव्या पायाकडेच बघत होती. एखाद्या शहाण्या लेकराकडे बघावं तसं.

पुढे ती शेवगावला शाळेत खेळाची शिक्षिका झाली, लग्न झालं, लेक झाली, स्नेहल. सुट्टीत भेटी व्हायच्या. गेल्या वर्षी पोटाचा आजार निघाला. उपचारांसाठी नगरला यायची तेव्हा माझ्याकडेच राहायची. केस गेले होते, जेवण उतरत नव्हतं. ताकात कालवलेला भात तेवढा दोन घास खायची. त्याच सुमारास स्नेहलला पुण्याच्या एका क्रीडा होस्टेलमध्ये प्रवेश मिळाला. मिलिंदना वाटत होतं, आईजवळ राहू दे पोरीला. स्नेहललाही जायचं नव्हतं. मीसुद्धा म्हटलं, "एक वर्ष थांबली तर काय बिघडतं गं?"

ती उशीला टेकून बसली. मग म्हणाली, "मला काय वाटत न्हाई व्हय, जवळ असावी म्हनून? लई वाटतं. रोज वाटतं. पन मी हाय तिथंच तिला धरून ठेवली तर तिचं फुडचं सगळं अर्ध्यात पडल." डोळे पुसून ती हसली. "जाऊ दे तिला. मी बघन न्हाईतर न बघन… पळायचं काम तिचं."

स्नेहल गेली. स्टँडवर तिला सोडायला उज्ज्वला माझ्या खांद्याला धरून आली होती आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, मी शेवगावला गेले. स्नेहल आली होती, आल्यागेल्याला पाणी देत होती, आणि दोन दिवसांनी परत जाणार होती. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मग मिलिंद मला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे शेजारच्या गोदामाची उंच, चुन्याची भिंत आहे. त्या भिंतीवर काळ्या मातीचे गोल गोल ठसे होते, एकावर एक, शेकड्यांनी. शाळेतून आली की चहाच्या आधी ती इथे भिंतीवर चेंडू मारायला यायची म्हणे, साडीचा पदर खोचून, रोज. खालचे ठसे पुसट झाले होते. वरचे, पार छताच्या पन्हळीजवळचे, अजून ठळक होते.

"शेजारी म्हनत हुता, रंग देऊन टाकतो," मिलिंद म्हणाले. "मी म्हनलं, पावसानं जाईल तेवढं जाऊ द्या. हातानं नको."

मी वर बघत उभी राहिले. एवढ्या उंच तिने कसा मारला असेल, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मिलिंद म्हणाले, "मान वर करून, ताई. चेंडूकडं बगायचीच न्हाई ती, वरच्या रिकाम्या जागंकडं बगायची."