फटक्याआधीचा हात

अकरा वर्षांत सोल ब्रोडकिनने किती डोकी फोडली, त्याला गणतीच नाही. मांजराच्या टाळक्यात तवा, बुलडॉगच्या शेपटीखाली सुरुंग, सगळं कागदावर. मार खाणारा लगेच उठून पळायचा आणि थिएटरात पोरं खिदळायची. हॉलिवूडमधल्या हॅलोरनच्या कार्टून स्टुडिओत मारामारीचं काम आलं की ते सोलच्याच टेबलावर. तिथे एक आरसा असायचा. त्यात बघून तो नाकावर बुक्की बसल्यासारखं तोंड वेंगाडायचा आणि तेच तोंड मांजराला द्यायचा. नवख्यांना तो एकच धडा घोकवायचा: आधी हात मागे न्या, मग मारा. हात मागे गेला नाही तर बघणाऱ्याला फटका दिसतच नाही.

साठ माणसं राबत, रंग भरणाऱ्या बायका डोळ्यांच्या खाचा करून घेत आणि पडद्यावर नाव एकट्या हॅलोरनचं. एकोणीसशे एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात सोलने कामगार संघटनेचा अर्ज भरला आणि चाळीस जणांना भरायला लावला. हॅलोरनने त्याला केबिनमध्ये बोलावलं. ब्रुकलिनच्या गटारातून तुला मी उचलला, याची आठवण करून दिली.

सोल म्हणाला, "गटारातला आहे म्हणूनच घाण लांबून ओळखतो, साहेब."

त्याच दुपारी त्याचं टेबल रिकामं झालं. दुसऱ्या सकाळी चाळीसच्या चाळीस जण संप करून फाटकाबाहेर बसले.

बायको मिन्ना काही अडवणाऱ्यातली नव्हती. "लढ," ती म्हणाली, "पण उजवा हात सांभाळ. दात पडले तर बसवून घेऊ. बोटं कुठून आणायची?"

पाचव्या आठवड्यात मालकाने भाड्याचे गुंड आणले. बसमधून उतरले ते कुऱ्हाडीचे दांडे घेऊनच. पोलीस पलीकडच्या फुटपाथवर सिगरेटी फुंकत उभे. पहिला दांडा रंगखात्यातल्या पर्लच्या कपाळावर बसला, तिचा अख्खा चेहरा लाल झाला. सोलचं डोकं फिरलं. एकाला त्याने फलकाच्या काठीने लोळवला, दुसऱ्याच्या मनगटाला कडकडून चावला. तेवढ्यात समोर आला चौकडीच्या कोटातला एक बिनमानेचा आडदांड, एक कान चुरगळलेला.

सोल त्याच्या खांद्याकडे बघत राहिला. आता हात मागे जाईल, मग आपण खालून घुसायचं.

हात मागे गेलाच नाही. दांडा कमरेपासूनच सरळ आला आणि बरगडीत घुसला. सोल पडला, उजवा पंजा डांबरावर पसरला. त्या माणसाने सावकाश बूट उचलला, टाच पंज्यावर ठेवली आणि अंगाचा सगळा भार टाकून पिळली. तीन बोटं एकामागून एक मोडली. सोलला तिन्ही आवाज वेगवेगळे ऐकू आले.

सप्टेंबरात सरकारी सुनावणी झाली. मालकाच्या वकिलाचं म्हणणं, हा गडी पायरीवरून पडला, हाताला काही झालेलं नाही. त्याने पेन्सिल पुढे केली आणि सगळ्यांसमोर चित्र काढून दाखवायला सांगितलं.

सोलने उजव्या हातात घेतली. पेन्सिल पडली. मालकाच्या बाजूचे हसले. त्याने पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्याने ती डाव्या हाताने उचलली. पट्टी बांधल्यापासून रोज सकाळी मिन्ना त्याच्यापुढे कोरे कागद टाकायची, तो घोटत बसायचा. रेघ थरथरत होती. चुरगळलेला कान आला. मानेची जागा रिकामी राहिली. मग चौकड्या, एकेक.

अधिकाऱ्याने कागद पाहिला, मग हॅलोरनच्या मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथला एक जण टोपी ओढत उठू लागला होता.

"दार लावून घ्या," अधिकारी शिपायाला म्हणाला.

आडदांड तुरुंगात गेला, संघटना जिंकली, पडद्यावर सगळ्यांची नावं आली. उजवा हात काही परत आला नाही. पुढची बावीस वर्षं सोलने डाव्या हाताने मांजरं काढली, जरा वाकडीच. कोणी वाकडी म्हटलं तर तो उजवा पंजा त्याच्यासमोर टेबलावर ठेवायचा आणि काम चालू ठेवायचा.