गोचिडाला पिऊ द्यायचं

आमच्या नात्यात कुणी मुलगी इंजिनियर झाली, कुणी बँकेत लागली, आणि मी गोचीड पाळायला लागले. लग्नकार्यात माझी ओळख अशीच करून दिली जाते आणि मांडवात हशा पिकतो. पूर्वी मला राग यायचा. आता सरळ सांगते की हो, पाळते, चांगले टरारून फुगलेले पाळते, बघायचे असतील तर या. समोरचा माणूस मग हातातल्या जिलबीकडे बघतो आणि विषय बदलतो.

काम खरंच तसं आहे. जनावरांच्या गोचिडांवर लस तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करते. ही लस टोचायची गायीला, पण मार बसतो गोचिडाला. गोचिडाच्या आतड्यातलं एक प्रथिन गायीला टोचलं की तिचं रक्त त्याला शत्रू म्हणून ओळखायला लागतं. पुढे गोचीड ते रक्त प्यायला की त्याचं आतडंच बिघडतं. तो लगेच मरून पडत नाही, पण नीट फुगत नाही, मादी अंडी कमी घालते, आणि गोठ्यात त्याची पुढची पिढी रोडावत जाते. फवारणीच्या औषधांना गोचीड आता सरावलेत, म्हणून हा सगळा वळसा. यात एकच अट आहे. गोचिडाला रक्त पिऊ द्यावं लागतं.

ही अट माझ्या प्राध्यापकांना पटली, परीक्षकांना पटली. आईला पटेना.

आमचं घर शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीला. केळी, ऊस आणि कापूस वडिलांकडे, गोठा आईकडे, अशी वाटणी मी जन्मायच्या आधीपासूनची. दुपारची भांडी झाली की आई रंगाच्या जुन्या डब्यात थोडं डिझेल घेऊन गोठ्यात बसते आणि गायीच्या कानामागून, गळ्याखालच्या पोळीतून, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवत गोचीड वेचते. कापूस वेचावा तशी, न बघता, बोलत बोलत. शेजारणीशी गप्पा चालू असतात आणि डब्यात टपटप काहीतरी पडत असतं. मी गोचिडांचा अभ्यास करणार हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "जलमभर मी गोचडी माऱ्यात, आनी तू त्या पाळी ऱ्हायनी?"

मी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकत होते तेव्हा आमची एक संकरित गाय गोचीडतापाने गेली. काळी-पांढरी, दुधाला भरपूर, आईची फार लाडकी. आधी ताप, मग गाठी सुजल्या, डोळ्यांच्या आतला गुलाबीपणा उतरून पांढरा पडला. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, पण उशीर झाला होता. आई त्यानंतर चार दिवस नीट जेवली नाही. आम्ही सगळे म्हणायचो की नशीब, रोगच वाईट. तिचं म्हणणं वेगळं होतं, आणि ती ते एकदाच बोलली. "एक राही गयी व्हयी मन्हा हातमाईन." तिच्या हातून एक गोचीड वेचायचा राहिला असेल आणि त्यानेच गाय नेली, असा तिचा हिशेब. एवढ्याशा जिवाचा दोष तिने स्वतःच्या बोटांवर घेतला होता आणि तो उतरवणं कुणालाच जमलं नाही.

म्हणून आमच्या लसीची गावात पहिली पायरी ठरली, जनावरांना ती कशी मानवते आणि अंगावरचे गोचीड किती घटतात हे मोजून बघायचं होतं, तेव्हा मी सरांना दुसऱ्या गावांची नावं सुचवली. सर म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, मितभाषी माणूस, पण हट्टी. ते म्हणाले, जिथे तुझी ओळख आहे तिथेच लोक ऐकतील. ओळख होतीच, म्हणून तर पंचाईत. देवळासमोर बायका जमल्या, त्यांनी माझं भाषण शांतपणे ऐकलं, आणि मला लहानपणापासून ओळखणाऱ्या एका काकूने निकाल दिला, "पहिले तुन्ही मायनी गायले टोच, मंग आम्हनी गायीसले."

आईकडे तेव्हा एक कालवड होती, त्याच काळ्या-पांढऱ्या रंगाची. घरात तिला इतकं जपलं जायचं की वडील म्हणायचे, हिला कॉलेजातही घालू. मी आईसमोर बसले आणि सगळं सांगितलं. लस टोचायला तिची हरकत नव्हती. फवारणी बंद, हेही तिने मान्य केलं. मोजणीच्या आधी आठवडाभर गोचीड वेचायचे नाहीत, ते अंगावर राहू द्यायचे, असं म्हटल्यावर मात्र ती माझ्याकडे बघतच राहिली. आपल्या हाताने पाळलेल्या जनावराचं रक्त आपल्या डोळ्यांदेखत गोचिडाला पाजायचं, हे शिरायला तिच्या डोक्यात जागाच नव्हती. शेवटी "बरं" म्हणाली. आमच्या आईचं "बरं" म्हणजे होकार असतो की ऐकलं एवढंच, हे वडिलांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठामपणे सांगता येत नाही.

कालवडीला लस टोचून झाली आणि पाऊस सरता सरता आम्ही मोजणीला आलो. मी आणि सर रात्रीच्या गाडीने सकाळी नंदुरबारला उतरलो. मिरच्यांचा खकाणा नाकात घेत, शिंकत शिंकत शहादा गाठलं आणि तिथून गावात आलो. गोठा शेणाने सारवलेला. कालवडीला आंघोळ घातलेली, शिंगांना तेल, कपाळाला कुंकू, गळ्यात नवा कंडा. सरांनी हातमोजे चढवले आणि कानापासून सुरुवात केली. कान साफ. मान साफ. पोळी, कास, शेपटीचं मूळ, सगळं लख्ख. सरांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. इतक्या वर्षांत त्यांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. कुठल्याही लसीने गोचीड असे पार नाहीसे होत नाहीत हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं, पण माणसाला एखादवेळी वाटतं की आपल्यालाच काहीतरी आगळं सापडलं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. सर कौतुकाने म्हणाले की तुमच्या कालवडीवर एकही गोचीड नाही. आई म्हणाली कसा असेल, आणि कोपऱ्यातला डबा आणून अभिमानाने त्यांच्यापुढे धरला.

डबा काठोकाठ भरला होता.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सर बाहेर अंगणात जाऊन पपईच्या झाडाकडे बघत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसताहेत हे कळायला मला जरा वेळ लागला. मी आईवर चिडले. ती उलट माझ्यावर चिडली, आणि तिच्या बाजूने तिचं बरोबरच होतं. "पाहुणा येनार व्हतात. त्यासना मोरे तिले तशीच उभी करतू का मी?" ज्या बाईने मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी दाराचे पडदेसुद्धा बदलले होते, तिच्याकडून मी गोचीडभरली गाय दाखवायची अपेक्षा करत होते. त्या दिवसाची मोजणी बाद झाली. ओरडा कुणालाच बसला नाही. सरांनी मात्र जाताना तो डबा मागून घेतला.

पुढच्या खेपेला मी आठवडाभर आधीच रजा घेऊन घरी आले, पहाऱ्यासाठी. आईने हात लावला नाही. दुपार झाली की ती गोठ्यात यायची, पदराखाली हात धरून कालवडीजवळ बसायची आणि उठून जायची. आणि नेमकी त्याच आठवड्यात कालवड तापली. नुकतीच गाभण राहिली होती. वैरणीला तोंड लावेना, उठेना, कान गरम. आई पाण्याची बादली घेऊन तिच्या डोक्याशी जाऊन बसली.

मी घाबरले. लस एका बाजूला, प्रकल्प एका बाजूला, माझ्यासमोर ती गोचीडतापाने गेलेली गाय दिसत होती. गावातल्या डॉक्टरांनी कानातून रक्ताचा थेंब काढून काचेवर घेतला. तो घेऊन मी लोणखेड्याला माझ्या जुन्या कॉलेजात गेले आणि माझ्याच बाकावर बसून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. एकदा, दोनदा, मग सरळ डोळे दुखेपर्यंत. गोचीडतापाचं काही नव्हतं. डॉक्टरांनाही तोवर खात्री झाली होती की हा तिवा आहे, तीन दिवसांचा साधा ताप, आजूबाजूच्या गोठ्यांतही आलेला. डास-माश्यांकडून येणारा, गोचिडाशी संबंध नसलेला.

ताप उतरेपर्यंत मात्र माझा धीर संपला होता. मी आईला म्हटलं की आपण हिला यातून काढून घेऊ, मी सरांशी बोलते, तू उद्यापासून खुशाल वेच. मला वाटलं ती सुटकेचा श्वास सोडेल. कालवडीने त्या दुपारी पहिल्यांदा कडब्याचं एक पेंडकं ओढलं होतं. आई तिच्याकडेच बघत होती.

"तूच भ्याई गयी त मी कोनवर इस्वास ठेवू?" ती म्हणाली.

कालवड प्रकल्पात राहिली. त्या खेपेच्या मोजणीत सरांना गोचीड मिळाले, पण बरेचसे सुरकुतलेले, अर्धवट फुगलेले. आईने चष्मा लावून एक तळहातावर घेतला, उलटापालटा केला आणि हा उपाशी दिसतो म्हणाली. सर म्हणाले, अगदी बरोबर. त्यानंतर देवळासमोरच्या बायकांना समजवायला मला जावं लागलं नाही. आईच सांगायची, माझ्यापेक्षा थोडक्यात आणि जरा जास्तच रंगवून.

लस अजून दुकानात आलेली नाही. अशी कामं वर्षानुवर्षं चालतात, आणि मला घाई नाही. मला माझं काम आवडतं. गोचीड पाळणारी बाई म्हणून ओळख झाली तरी आवडतं.

यंदा उन्हाळ्यात आईचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. सकाळीच कालवड व्यायली, वासरी झाली, दोघी बऱ्या आहेत. रंग कसा, दूध किती, हे मी विचारणार होते, पण तिचाच प्रश्न आधी आला. "वासरीले कधय टोचशी?" मी सांगितलं की इतक्या लहान वासराला टोचत नाहीत, काही महिने थांबावं लागेल. पलीकडून वासरीचं बारीक हंबरणं ऐकू येत होतं.

मग जन्मभर कुणाला न विचारता गोचीड वेचलेल्या माझ्या आईने मला विचारलं, "मंग तोपावत येचू का मी? चाली ना तुले?"