हळदीत टोचलेली काडी

आमच्याकडे हळद शिजली की नाही, हे काडी सांगते. उकळत्या कढईतून एक हळकुंड उचलायचं आणि त्यात बाभळीची तासलेली काडी टोचायची. हळद कच्ची असेल तर काडी अडते. जास्त शिजली असेल तर भाकरीच्या ओल्या पिठात गेल्यासारखी जाते, आणि मग तिचा रंग गेलाच म्हणून समजा. या दोन्हींच्या मधे काडी जरा अडखळते आणि मग आत सरकते. ते अडखळणं बोटांना कळावं लागतं. हिंगोलीकडच्या हट्टा गावातल्या आमच्या शिवारात ते सगळ्यांत चांगलं कळायचं माझ्या वडिलांना. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. दुसऱ्यांच्या शेतात भट्टी पेटली की लोक त्यांना मोटारसायकलवर बसवून न्यायचे, ते दोन-तीन हळकुंडं टोचून बघायचे आणि "काढा" म्हणायचे. मग कुणी दुसरं काही बोलायचं नाही.

हळदीच्या कढईपाशी आमच्याकडे कुणी चप्पल घालून जात नाही. हळद देवाला लागते, नवरीला लागते, तिच्याजवळ वहाणा कशा चालतील? आबा या बाबतीत फार कडक होते. एकदा मी सँडल घालून जवळ गेले तर त्यांनी झारा उगारला होता. आणखी एक रीत होती. बायकांनी हळद खणायची, निवडायची, वाळवायची, पण काडीला हात लावायचा नाही. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी लहानपणी हा प्रश्न इतक्या वेळा विचारला की चुलत्यांनी माझं नावच 'काहून', म्हणजे 'कशाला', ठेवलं होतं.

पुढे ही 'काहून' शिकत शिकत पुण्याला पोचली आणि एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं काम तीन विभागांच्या उंबऱ्यांवर होतं. रसायनवाल्यांकडे बसून मी पाणी धरून ठेवणारे जेलचे पातळ थर बनवायचे, काही मऊ, काही टणक. यंत्रशास्त्रवाल्यांकडे एक बारीक सुई होती, ती त्या थरात दाबून किती जोराला किती खोल जाते हे मोजायचे. मग जीवशास्त्रवाल्यांकडे जाऊन त्या थरांवर माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायचे. प्रत्येक विभागाला मी दुसऱ्याच विभागाची वाटायचे आणि चहाला कुणीच बोलवायचं नाही.

पण काम मात्र जीव लावण्यासारखं होतं. टणक थरावर पेशी हातपाय पसरून बसायच्या, मऊ थरावर अंग चोरून गोल व्हायच्या. म्हणजे ज्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, त्यांना खालची जमीन कशी आहे हे कळत होतं. त्या जमिनीत पाय रोवायच्या, ओढून बघायच्या आणि ठरवायच्या. जखम भरताना कातडी कशी सरकत येते, हे यातून समजेल अशी आमच्या सरांना आशा होती.

एका फाल्गुनात मी सुट्टीला घरी गेले. आमचीच कढई चढली होती. पऱ्हाटीचा, वाळल्या कपाशीच्या झाडांचा जाळ, वरून हळदीच्या पाल्याचं आणि गोणपाटाचं झाकण, आणि तो वास, ज्यात माझं सगळं बालपण शिजलेलं आहे. मी चुलत्यांना माझं काम समजावून सांगत होते.

"म्हंजी तू त्या पेशींच्या गाद्या करून राहिली," चुलते म्हणाले. "येवढं शिकून पोरगी गादीवाली झाली की!"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मऊ हाय का टनक, हे त्यायला बिनडोळ्याचं कसं कळतं?"

"पाय रोवून ओढून बघतात, आबा."

"आन न्हाईच कळलं तर?"

"तर पसरत नाहीत. काही काही मरूनही जातात."

आबांनी मान हलवली. मग त्यांनी झाऱ्याने एक हळकुंड काढलं, त्यात काडी टोचली. पुन्हा टोचली. तिसऱ्यांदा टोचली. आणि अचानक काडी माझ्यापुढे धरून म्हणाले, "माय, तू पाह्य बरं. तू तर सुईनं मोजती म्हनं."

चुलत्यांचं हसू थांबलं. "आरं, पोरगी सांगनार व्हय आता?"

"शिकल्याली हाय. सांगंल."

मी काडी घेतली. टोचली, ती अडखळली आणि आत सरकली. मी "काढा" म्हटलं, आणि गडीमाणसं खरंच काढायला लागली! मला आभाळ ठेंगणं झालं. पिढ्यांची रीत माझ्या बापाने माझ्यासाठी, माझ्या शिक्षणासाठी मोडली होती. त्या दिवशी आबांनी मला आणखी चार वेळा काडी दिली. दर वेळी मी ऐटीत उभी राहिले. दर वेळी ते माझ्या बोटांकडे बघत होते.

पुण्याला परतल्यावर मी ही गोष्ट किती जणांना सांगितली! सरांना सांगितली, त्यांनी ती पाहुण्यांना सांगितली. पुढे प्रबंध लिहिला तेव्हा ऋणनिर्देशात शेवटचं वाक्य मी आबांसाठी लिहिलं, की रीत बाजूला सारून ज्यांनी मुलीच्या विद्येवर भरवसा ठेवला आणि तिच्या हाती काडी दिली, त्या माझ्या वडिलांना. प्रबंध छापून, बांधून गेला.

त्याच्या पुढच्याच हंगामात चुलत्यांचा फोन आला. कढईपाशी उभे असताना आबांचा पाय निखाऱ्यावर पडला होता. पडला आणि तिथंच राहिला. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा शेजारच्या गड्याने त्यांना ओढलं. आबा म्हणत होते, कुणाचं काय जळून राहिलं?

फोन उशिराच केला होता; मी पोचले तोवर दहा-बारा दिवस गेले होते. आबांनी दवाखान्यात न जाता वर नुसती हळदच बांधली होती. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर कितीतरी वर्षांपासून वाढलेली असणार, त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक जाडसर नायलॉनचा धागा घेतला आणि आबांना सांगितलं, "बाबा, मी हा पायाला टेकवीन. कळलं की 'व्हय' म्हणायचं."

धागा टेकला. आबांनी "व्हय" म्हटलं. पुन्हा टेकला, पुन्हा "व्हय". मला हायसं वाटलं. तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मला आबांच्या पाठीमागे जाऊन उभं राहायला सांगितलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आबा पायाकडे बघतच नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. धागा टेकला की माझ्या डोळ्यांत दिसत असणार, आणि ते बघून ते "व्हय" म्हणत होते.

"आता डोळे मिटा, बाबा."

आबांनी डोळे मिटले. बाईंनी धागा टेकवला, वाकेपर्यंत दाबला. आबा गप्प. मग बाईंनी धागा उचलून बाजूला ठेवला, पायाला काहीच लागत नव्हतं, आणि आबा म्हणाले, "व्हय."

बाईंनी नंतर आबांचे हातही तपासले. बोटांचीही तीच गत होती. "हाताला मुंग्या येऊन बधिरपणा येतो तोवर पाय बहुतेक आधीच गेलेले असतात," त्या म्हणाल्या. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

आबांच्या स्वतःच्या आलं होतं ना. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातात काडी दिली होती त्यांनी. एकदा नाही, पाच वेळा. तीन तीनदा टोचूनही ज्याला कळत नव्हतं तो माणूस माझ्यापुढे उभा होता, आणि मी, जिला सुईच्या टोकाएवढ्या मऊपणातला फरक मोजता यायचा, मी ऐटीत "काढा" म्हणत होते. पेशीला जमीन कळते की नाही, यावर मी पावणेदोनशे पानं लिहिली. बापाच्या पायाखालची जमीन गेली, ते मला दिसलं नाही. या मूर्खपणाला मी आजवर माफी दिलेली नाही.

जखम भरत नव्हती. एकदा आबा म्हणाले, "तुझं ते गादीचं अवशीद लाव की माझ्या पायाला."

"ते औषध नाही, आबा. अजून नुसतं काचेच्या बशीत आहे."

"मंग कवा व्हनार?"

आठवड्याभरात पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मग ताप उतरेना, जखमेचं विष अंगात पसरत गेलं.

एका दुपारी मी त्यांच्या खाटेजवळ बसून विचारलंच. "आबा, तेव्हा काडी मला का दिली?"

"काडी कळंना गेलती मला. लोकायला कसं सांगावं? वाटलं, तू सांगशीन आन तुलाच समजंन." मग म्हणाले, "पर तुला लई आनंद झालता, माय. तुझं तोंड पाहून बोलावं वाटलं न्हाई."

मी रडायला लागले तसे ते चिडले. रडणं थांबवायला म्हणून, की आणखी कशासाठी, कोण जाणे, त्यांनी विचारलं, "त्या बुकात माझं काय लिवलंस म्हनं?"

प्रबंधाची एक प्रत मी त्यांना दाखवायला आणली होती. पिशवीतून काढायचं धाडस झालं नव्हतं. आता काढली. वाक्य इंग्रजीत होतं. मराठीत सांगताना ते बदलता आलं असतं. आबांना इंग्रजी येत नव्हतं, काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मी एकेक शब्द होता तसा सांगितला. रीत बाजूला सारून. मुलीच्या विद्येवर भरवसा ठेवून.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "व्हय. बराबर हाय."

त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. ते वाक्य अजून तसंच आहे.